आक्रमक तणं, नैसर्गिक उपाय आणि शाळेतली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत आक्रमक तणांचा विषय घ्यायचा म्हटलं की शिक्षक, पालक आणि मुलंही फिरून फिरून ठरावीक प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत. ज्यांनी एखादं वर्ष हे काम केलं आहे, त्यांनी थेट सहाव्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

१. तण आणि आक्रमक तण यात फरक काय? दोन्ही नको असलेली झाडंच ना?

नको त्या जागी उगवलेली कुठलीही वनस्पती तण ठरते. वाफ्यातली हरळी तण असते, मैदानावर तीच हवीहवीशी वाटते. आक्रमक तण मूळचं दुसऱ्या प्रदेशातलं असतं आणि माणसामुळे, मुद्दाम किंवा नकळत, नव्या ठिकाणी पोचलेलं असतं. तिथे कोणी न लावता ते पसरत जातं आणि स्थानिक झाडं, प्राणी, पाणी किंवा माणसाचं आरोग्य यांना बाधा आणतं. गाजर गवत, घाणेरी (टणटणी) आणि जलपर्णी ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. घाणेरी आणि जलपर्णी फुलं सुंदर म्हणून बागांसाठी नेली गेली, गाजर गवताच्या बिया धान्यातून आणि चाऱ्यातून पसरल्या.

मुलांना इथेच एक प्रश्न विचारावा: मायदेशात ही झाडं इतकी का माजत नाहीत? तिथे त्यांना खाणारे किडे, त्यांच्यावर वाढणारी बुरशी, त्यांच्याशी जागेसाठी झगडणारी झाडं असतात. प्रवासात झाड पुढे गेलं आणि हे सगळे मागे राहिले. बहुतेक नैसर्गिक उपायांचं मूळ या उत्तरात आहे.

२. म्हणजे बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती वाईटच का?

अजिबात नाही. मका, बटाटा, टोमॅटो, मिरची ही सगळी अमेरिका खंडातून जगभर गेली आणि कुठलं जंगल त्यांनी गिळलं नाही. जैवविविधतेवर काम करणाऱ्या आयपीबीईएस या आंतरशासकीय मंचाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या सजीवांच्या ३७,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी ३,५०० हून अधिक हानिकारक ठरल्या. वनस्पतींपुरतं बोलायचं तर हे प्रमाण साधारण ६ टक्के आहे.

हा आकडा वर्गात आवर्जून सांगावा. ‘परकं म्हणून वाईट’ असा धडा मुलांनी घेतला तर तो माणसांनाही लावला जातो, आणि वर्गात दुसऱ्या गावाहून किंवा देशातून आलेली मुलं असतातच. ‘शत्रू’, ‘राक्षस’ असे शब्द फलकावरून काढून टाकावेत. झाड त्याचं जगणं जगतं आहे. त्याला चुकीच्या जागी आणलं माणसाने, म्हणून आवरायची जबाबदारीही माणसाची.

३. कितवीच्या मुलांपासून सुरुवात करावी?

पहिली-दुसरीच्या मुलांनी फक्त पाहावं: पानाचा आकार, फुलाचा रंग, किती बिया. तिसरी ते पाचवीत मोजणी आणि कुंड्यांमधले प्रयोग जमतात. हत्यारं हातात देऊन तण काढणं सहावीच्या पुढे आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच. कुठलं तण मुलांनी हाताळू नये, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

४. ‘नैसर्गिक पद्धती’ म्हणजे नक्की कोणत्या?

रासायनिक तणनाशक न वापरता तण आटोक्यात ठेवायच्या सगळ्या पद्धती. हाताने उपटणं, खुरपणं, फुलोऱ्याआधी कापणं. पालापाचोळा, पेंढा किंवा पुठ्ठ्याचं आच्छादन घालून उजेड तोडणं. ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून कडक उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे माती तापवणं. या पद्धतीचा पाया १९७० च्या दशकात इस्रायलमध्ये जाकोव कातान आणि सहकाऱ्यांनी घातला. शिवाय दाट वाढणाऱ्या झाडांची स्पर्धा लावणं, जनावरं चारणं, आणि त्या तणावरच जगणारे किडे किंवा बुरशी वापरणं.

यातली एकही पद्धत सगळ्या तणांना लागू पडत नाही. माती तापवल्याने वरच्या थरातल्या बिया मरतात, पण लव्हाळ्याचे खोलवरचे कंद शाबूत राहतात. म्हणून आधी झाडाची ओळख, मग उपाय.

५. उपटायचं कधी आणि कसं?

फुलं येण्याआधी आणि माती ओली असताना. कोरड्या मातीत झाड वरून तुटतं आणि मूळ आत राहतं. कोवळं गाजर गवत मुळासकट सहज निघतं. त्याला फुलं आली की गणित बदलतं, कारण एका मोठ्या झाडाला १५,००० हून अधिक बिया येऊ शकतात आणि उपटताना, ओढताना त्या आपणच पसरवतो.

घाणेरीचं तंत्र निराळं आहे. ती वरून छाटली की बुंध्यातून जोमाने फुटते, आणि पुष्कळ मोहिमा नुसती छाटणी करून घाणेरी आणखी दाट करून येतात. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवलेल्या पद्धतीत मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर कुदळीने तोडतात आणि सगळं झुडूप उचलून उलटं ठेवतात, म्हणजे बुंधा पुन्हा मातीला लागत नाही. नवे फुटवे येतात ते बुंधा आणि मूळ यांच्या सांध्यातून, खालच्या मुळातून नव्हे. हे काम मोठ्यांचं. मुलांनी तोडलेला बुंधा निरखावा आणि फुटवे कुठून येतात ते चित्र काढून दाखवावं.

उतारावरची जागा एका दमात उघडी करू नये, माती वाहून जाते. पट्ट्या-पट्ट्यांनी काम करावं.

६. सगळं तण काढलं होतं, तरी काही आठवड्यांत जागा पुन्हा हिरवी. मुलं हिरमुसली. आमचं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. जे उगवलं ते मातीत आधीपासून निजलेल्या बियांमधून. मातीत वर्षानुवर्षं साचलेल्या जिवंत बियांना बीसाठा म्हणतात. वरचं झाड काढलं की उजेड आत शिरतो, मातीची उलथापालथ होते आणि साठ्यातला पुढचा हप्ता उगवतो.

बिया किती काळ वाट पाहतात, याची एक खरी गोष्ट मुलांना फार आवडते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम जेम्स बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये २० बाटल्यांत वाळू आणि वेगवेगळ्या वनस्पतींच्या बिया भरून त्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि काय उगवतं ते पाहायचं. बील गेले, त्यांच्यानंतर काम सांभाळणारेही बदलत गेले, प्रयोग मात्र चालू आहे. २०२१ मध्ये एक बाटली काढली, तेव्हाही काही बिया उगवल्या. जवळजवळ दीडशे वर्षांनी!

हाच प्रयोग शाळेत छोट्या प्रमाणात होतो. तणाच्या जागेवरची वरच्या पाच सेंटीमीटर थरातली माती आणा, ट्रेमध्ये पातळ पसरा, रोज पाणी द्या. उगवलेलं प्रत्येक रोप मोजून काढून टाका. उगवणं थांबलं की माती ढवळा आणि पुन्हा पाणी द्या. दुसरी लाट येते, कधी तिसरीही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा धडा हाच. एकदिवसीय मोहिमेने तण का हटत नाही, हे यानंतर मुलांना सांगावं लागत नाही.

मग करायचं काय? मोठी जागा सोडा. जेवढ्या जागेवर वर्षभर पुन्हा पुन्हा जाता येईल तेवढीच घ्या, आणि तिथे एकाही झाडाला बी धरू देऊ नका. साठ्यात भर पडणं थांबलं की दरवर्षी उगवण कमी होत जाते.

७. मुलांनी तणांना हात लावणं सुरक्षित आहे का?

तणावर अवलंबून. गाजर गवताने त्वचेला खाज, पुरळ, सूज येऊ शकते आणि त्याच्या परागकणांनी शिंका, दमा उसळू शकतो. सगळ्यांना लगेच होत नाही. काहींना वारंवार संपर्कानंतर ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की ती सहसा सुटत नाही. म्हणून फुललेलं गाजर गवत मुलांच्या हाती देऊच नये. कोवळं काढतानाही हातमोजे, पूर्ण बाह्या, पायमोजे हवेत आणि काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. दमा किंवा त्वचेचा त्रास असलेल्या मुलांकडे नोंदी आणि मोजणीचं काम द्यावं, तेही लांबून.

घाणेरीची कच्ची फळं विषारी असतात. दाट झुडपात साप, गांधीलमाश्या असू शकतात, तिथे आधी मोठ्यांनी काठी फिरवून पाहावं. पाण्यातल्या तणासाठी प्रश्न १४ पाहा.

८. मीठ, व्हिनेगर, उकळतं पाणी हे घरगुती उपाय शिकवावेत का?

मीठ शिकवू नये. ते तण मारतं हे खरं, पण मातीत साठून राहतं आणि नंतर तिथे हवी ती झाडंही येत नाहीत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असा समज मोडायला मात्र हे उदाहरण चांगलं आहे. साध्या व्हिनेगरने कोवळ्या रोपांची पानं करपतात, पण बहुवर्षायू तण मुळातून पुन्हा फुटतं. तीव्र ॲसेटिक ॲसिडने डोळ्यांना आणि त्वचेला गंभीर इजा होते, ते शाळेत नको. उकळतं पाणी फरशीच्या फटींतल्या तणाला लागू पडतं. ते ओतायचं मोठ्यांनी.

९. उपटलेल्या तणाचं करायचं काय? कंपोस्टमध्ये टाकलं तर चालेल?

फुलं-बिया नसतील तर चालेल. बिया धरल्या असतील तर शाळेतल्या लहान खड्ड्यावर भरवसा ठेवू नका. बहुतेक बिया मरायला ढिगाचं तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर बरेच दिवस राहावं लागतं, आणि कडेचा थंड भाग आत जावा म्हणून ढीग पुन्हा पुन्हा परतावा लागतो. लहान ढीग इतका तापत नाही. थर्मामीटर खुपसून मुलांनाच मोजू द्या.

बिया धरलेली झाडं जाड काळ्या पिशवीत बांधून, पूर्ण कुजेपर्यंत उन्हात ठेवता येतात. हरळीचे तुकडे आणि लव्हाळ्याचे कंद आधी फरशीवर खडखडीत वाळवावेत, नाहीतर खताबरोबर तेच सगळ्या बागेत जातात.

१०. जागा मोकळी झाली. आता तिथे काय लावावं?

हा प्रश्न तण काढण्याआधी विचारला पाहिजे. रिकामी जमीन रिकामी राहत नाही. त्या परिसरातली मूळची, पटकन वाढून जमीन झाकणारी गवतं आणि झुडपं निवडा, त्यांची रोपं तयार ठेवा आणि तण काढलं की त्याच आठवड्यात लावा. तोवर आच्छादन घाला.

गाजर गवताविरुद्ध भारतात टाकळ्यासारख्या दाट उगवणाऱ्या वनस्पतींच्या बिया टाकतात. त्या कोवळ्या गाजर गवताचा उजेड अडवतात. इथे एक सावधगिरी: स्पर्धेसाठी आणलेली वनस्पती स्वतःच बाहेरची आणि झपाट्याने पसरणारी असेल, तर एक संकट काढून दुसरं पेरल्यासारखं होतं.

११. किडे सोडून तण आटोक्यात येतं, हे खरं आहे का? मुलांना पटेल असं उदाहरण सांगा.

खरं आहे, आणि सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे बाहेरून नेलेल्या फड्या निवडुंगाने सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली होती. लोक शेतं सोडून गेले. तोडणं, जाळणं, विष घालणं, सगळं थकलं. मग अर्जेंटिनातून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग आणला. त्याच्या अळ्या निवडुंगाच्या आत शिरून गर खातात. १९२६ पासून तो सोडला आणि पुढच्या सहा-सात वर्षांत बहुतेक दाट निवडुंग कोसळला. क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा इथे लोकांनी १९३६ मध्ये या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं.

भारताचं उदाहरण याहून जुनं आहे आणि ते अपघाताने घडलं. १७९५ मध्ये लाल रंग मिळवण्यासाठी ब्राझीलमधून कोचिनील किडे आणले गेले. आलेली जात चुकीची निघाली, तिच्यापासून चांगला रंग मिळेना, पण तिने निवडुंग फस्त केला. नंतर याच किड्यांचा निवडुंगाविरुद्ध मुद्दाम वापर झाला. गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगा (झायगोग्रामा) भारतात १९८० च्या दशकात आणला. त्याचे प्रौढ आणि अळ्या दोन्ही पानं खातात.

मुलांच्या मनात एक गोष्ट नीट बसू द्या: असा किडा तण समूळ संपवत नाही. तण कमी झालं की किडेही कमी होतात, आणि दोघं खालच्या पातळीवर टिकून राहतात.

१२. मग आपणच असे भुंगे आणून शाळेजवळ सोडूया का?

परदेशी किडा आपल्या मनाने आणणं किंवा सोडणं कधीही नाही. त्याआधी तो दुसरं काही खातो का, याच्या वर्षानुवर्षांच्या चाचण्या आणि सरकारी परवानगी लागते. परिसरात तो आधीच प्रस्थापित असेल तर संबंधित कृषी संशोधन संस्थेला विचारून, तिच्या मार्गदर्शनाखाली काम करता येतं.

शाळकरी मुलांनी हे केल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये पर्पल लूजस्ट्राइफ या पाणथळीतल्या तणावर जगणारे गॅलेरुसेला भुंगे शाळांनी जाळीखालच्या कुंड्यांमध्ये वाढवले आणि ठरलेल्या ठिकाणी सोडले. भुंगे निवडलेले, तपासलेले आणि मंजूर होते. मुलांनी ते वाढवले.

१३. तोच किडा उद्या पिकावर गेला तर? मुलं हा प्रश्न हमखास विचारतात.

विचारलाच पाहिजे. भारतात मेक्सिकन भुंगा सूर्यफुलाची पानं कुरतडताना दिसला आणि मोठा वाद झाला. अभ्यासात दिसलं की पानांवर गाजर गवताचे परागकण पडलेले असले की भुंगा तिथे तोंड लावतो. निव्वळ सूर्यफुलावर त्याची पिढी वाढत नाही.

सगळ्या गोष्टी इतक्या बऱ्या संपलेल्या नाहीत, आणि त्या लपवू नयेत. ज्या कॅक्टोब्लास्टिसने ऑस्ट्रेलियाला सोडवलं तोच १९८९ मध्ये फ्लोरिडात आढळला आणि तिथल्या मूळच्या निवडुंगांना धोका झाला. थिसल हे काटेरी तण खाण्यासाठी १९६८ पासून उत्तर अमेरिकेत सोडलेला एक सोंड्या भुंगा तिथल्या स्थानिक थिसलच्या बियाही खाऊ लागला. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये ऊसावरच्या किड्यांसाठी केन टोड हा बेडूकवर्गीय प्राणी सोडला. ते किडे त्याने आवरले नाहीत, तो स्वतःच दूरदूर पसरत गेला. तो काहीही खातो, हाच फरक. एकाच झाडावर जगणारा किडा आणि मिळेल ते खाणारा प्राणी यांच्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, निष्कर्ष मुलं काढतील.

१४. आमच्याजवळच्या तळ्यात जलपर्णी आहे. मुलांना घेऊन काढावी का?

मुलांनी पाण्यात उतरू नये. जलपर्णीखाली खोली कळत नाही, मुळ्यांत पाय अडकतात. मोठ्यांनी गळ-दोरीने काठाकडे ओढावी. काढलेला ढीग काठापासून दूर न्यावा, पाऊस आला की तोच परत आत जातो.

मुलांसाठी इथे गणित आहे. अनुकूल पाण्यात जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते असं धरलं, तर एका रोपाची २० आठवड्यांत १,०२४ रोपं होतात. तळ्यात १० रोपं मागे राहिली तर? आणि सांडपाणी येतच राहिलं तर? जलपर्णीला नायट्रोजन आणि फॉस्फरसने भरलेलं पाणी मानवतं, त्यामुळे सांडपाणी थांबवणं हा मुख्य उपाय आहे. नीओचेटिना हे तिच्यावरचे सोंड्या भुंगे अनेक देशांत वापरले जातात. आफ्रिकेच्या व्हिक्टोरिया सरोवरात ते १९९५ पासून सोडले. काही वर्षांत जलपर्णी खूप घटली, त्यात हवामानाचाही हातभार होता. पुढे ती काही भागांत परत वाढली.

१५. शेळ्या सोडल्या तर?

तण कोणतं ते आधी पाहा. घाणेरी खाल्ल्याने गुराढोरांचं यकृत बिघडतं. काही बिया शेणा-लेंड्यांतून जिवंत बाहेर पडतात, म्हणून बी धरलेल्या जागेत चारलेली जनावरं लगेच दुसरीकडे नेऊ नयेत.

१६. घाणेरीवर तर कितीतरी फुलपाखरं येतात. ती काढली तर त्यांचं काय, असं एका मुलीने विचारलं. काय सांगू?

तिचं निरीक्षण बरोबर आहे असं आधी सांगा. फुलपाखरं घाणेरीचा मध पितात, पक्षी फळं खाऊन तिच्या बिया पसरवतात. पण फुलपाखराला मधाबरोबर अंडी घालायला आणि अळीला खायला ठरावीक झाडं लागतात, आणि घाणेरीच्या दाट जाळीखाली नेमकी तीच उगवत नाहीत. तिला एक काम द्या: कुठलं फुलपाखरू कुठल्या पानावर अंडी घालतं याची यादी. ती झाडं आधी लावायची, फुलू द्यायची, मग घाणेरी टप्प्याटप्प्याने काढायची. या मुलीच्या प्रश्नाने तुमचा आराखडा सुधारतो.

१७. ओळख चुकली तर काय होतं? मोबाइलवर झाड ओळखणारी ॲप वापरावीत का?

ॲप सुरुवातीला वापरा, शेवटचा शब्द जाणकाराचा. ओळख चुकल्याची किंमत शास्त्रज्ञांनीही मोजली आहे. साल्व्हिनिया हे तरंगणारं तण बरीच वर्षं दुसऱ्याच जातीचं समजलं गेलं. त्यामुळे किडे त्या दुसऱ्या जातीवरून गोळा करून आणले आणि त्यांनी काम केलं नाही. १९७२ मध्ये ती वेगळी जात असल्याचं स्पष्ट झालं, मग तिचं मूळ घर ब्राझीलच्या आग्नेय भागात सापडलं आणि तिथे तिच्यावरचा खरा सोंड्या भुंगाही. १९८० मध्ये तो ऑस्ट्रेलियातल्या मूंडारा तलावात सोडला आणि साधारण वर्षभरात तलाव मोकळा झाला.

शाळेत नियम एकच: ज्याचं नाव खात्रीने माहीत नाही ते उपटायचं नाही. त्याला खूणपट्टी बांधायची.

१८. तणनाशक वाईटच, असं शिकवावं का?

नाही. शाळेच्या आवारात ते नको, यावर मी ठाम आहे: मुलं तिथे खेळतात आणि हाताने भागण्याइतकी जागा असते. पण मोठ्या शेतावर माणसं मिळत नाहीत तेव्हा शेतकरी काय करतो, त्याचे धोके काय, हे मोकळेपणाने बोलावं. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी ते वापरतही असतील, त्याला खाली मान घालावी लागू नये.

१९. शाळेकडे जमीनच नाही. मग?

कुंड्या आणि ट्रे पुरतात. बीसाठ्याचा प्रयोग (प्रश्न ६) खिडकीत होतो. आच्छादनाचा प्रयोग तीन कुंड्यांत करा: एक उघडी, एक पाचोळ्याच्या पातळ थराची, एक सात-आठ सेंटीमीटर जाड थराची. तिन्हींत तीच माती, तेवढंच पाणी. आणखी एक प्रयोग: शिक्षकांनी हातमोजे घालून तणाची पानं पाण्यात दिवसभर भिजवावीत, गाळलेल्या पाण्यावर मूग किंवा मोहरी रुजत घालावी आणि शेजारी साध्या पाण्यावर तेवढेच दाणे ठेवावेत. काही तणं आजूबाजूची उगवण रोखणारी रसायनं सोडतात. मुळांच्या लांबीत फरक पडतो का, ते मुलांनी मोजावं.

२०. गुण कशावर द्यावेत? किती किलो तण काढलं त्यावर?

वजनावर कधीच नको. मुलं मग मोठी, फुललेली झाडं शोधतात आणि कोवळी सोडतात, म्हणजे नेमकं उलटं. एक मीटर बाय एक मीटरची दोरीची चौकट आखा, दर महिन्याला तिच्यातली रोपं जातवार मोजा आणि शेजारी एक चौकट मुद्दाम न काढता ठेवा. त्या चौकटीतल्या तणालाही बी धरू द्यायचं नाही, फुलोरा दिसला की शिक्षकांनी तो कापावा. गुण नोंदींच्या सातत्यावर आणि ‘असं का झालं असेल’ याच्या उत्तरावर द्यावेत. तण वाढलं तरी नोंद प्रामाणिक असेल तर पूर्ण गुण.

२१. वर्ष संपलं, मुलं पुढच्या वर्गात गेली. चौकटीचं काय?

चौकट जागची हलवू नका, वही पुढच्या वर्गाकडे द्या. वहीत आकड्यांबरोबर अडचणीही लिहिलेल्या असाव्यात: कुठल्या आठवड्यात कोणी फिरकलं नाही, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचलं, कुठलं रोप ओळखू आलं नाही. जुन्या मुलांनी नव्यांना एक दिवस जागेवर नेऊन दाखवावं. सुट्टीत कोण येणार, हे सुट्टी लागण्याआधी ठरवा, कारण बहुतेक ठिकाणी तण बी धरतं ते याच रिकाम्या आठवड्यांत. नव्या वर्गाने आल्या आल्या काही उपटू नये, आधी मोजणी करावी आणि ती मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या पानाशी ताडून पाहावी.